एकशे एक तुळशी आणि चलथाणचं खत

सुरतेहून परत येऊन आठवडा झाला तरी माझ्या नखांतला काळा रंग गेलेला नाही, आणि खरं सांगू का, मला तो घालवायचाही नाही. भेटेल ती विचारते, "काय आणलंत सुरतेहून? साड्या?" साड्या कुठल्या डोंबलाच्या! बारा दिवसांत मी साडीच्या दुकानाची पायरीसुद्धा चढले नाही. मी काय पाहून आले ते सांगायला लागले की ऐकणारीचा चहा गार होतो आणि माझं निम्मंसुद्धा सांगून होत नाही. म्हणून सगळं लिहूनच काढते आहे.

मुळात मी जाणारच नव्हते. जानेवारीत नाशिकची थंडी आणि माझ्या गच्चीतले झेंडू-पिटुनिया सोडून कुठे जायचं माझ्या जिवावर येतं. पण सुधाचा फोन आला. सुधा माझी धाकटी बहीण. तिचे यजमान प्रकाशराव बँकेत आहेत, बदली होऊन सुरतेला गेले ते तिथलेच झाले.

"ताई, माझी नाचक्की होणार आहे," ती एका दमात म्हणाली. एस.टी.डी.चं मीटर पळत असताना आमच्याकडे प्रस्तावना कोणी करत नाही.

झालं होतं असं. तिथल्या महाराष्ट्र मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी थाटात होतं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या नाहीतर साबणाच्या डब्या. यंदा सुधाने भर सभेत उभं राहून जाहीर केलं, की डब्या पुरे झाल्या, आपण सुगडात लावलेली तुळस वाण म्हणून देऊ. एकशे एक सवाष्णींना एकशे एक तुळशी. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बघा हं, जमेल ना?" त्या 'बघा हं'ने सुधा पेटली आणि "जमणारच" म्हणून बसली.

"सव्वाशे रोपं केली गं. छान तरारली होती. कुंभाराकडून बुडाला भोकं पाडून सुगडं आणली, त्यात लावली, आणि चार दिवसांत माना टाकायला लागली. सवाष्णीच्या ओंजळीत वाळकी तुळस ठेवू का मी?"

आमच्या आईने अंगणातल्या तुळशीचं पान पिवळं पडलेलं चालवून घेतलं नाही कधी. वाळकी तुळस वाण म्हणून दिली तर त्या बायका सुधाला जन्मभर विसरणार नाहीत.

"कशात लावलीस?"

"प्रेसमडमध्ये. साखर कारखान्यात उसाचा रस गाळला की गाळ उरतो ना, तो. ह्यांच्या ओळखीने टेम्पोभर फुकट मिळाला."

"गाळात? तुळस? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं!"

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. गेली दोन वर्षं मी कुंड्यांत पीट वापरते. आमच्याकडे गुलाबाची पॉलीहाउसं उभी राहिली, त्यांच्यासाठी परदेशातून ही पीट येते. त्यांच्यातल्या एकाकडून मी एक पोतं मिळवते. थंड देशांतल्या दलदलीत शेवाळ साचून साचून, दबून दबून हजारो वर्षांनी ती तयार होते. तपकिरी, मऊ, हलकी. चहाच्या भुकटीसारखी दिसते. एकदा हातात घेतली आणि मी तिची भक्तीणच झाले. आमच्या बागप्रेमी बायकांत मी इतक्या वेळा तिचं गुणगान केलं आहे, की मला येताना पाहून दोघीतिघी वाट बदलतात.

"पोतं घेऊन निघते," मी म्हटलं. हे म्हणाले, "सुरतेला? प्लेगच्या गावाला?" प्लेगला दोन-अडीच वर्षं होऊन गेली होती, पण आमच्या गल्लीच्या लेखी सुरत अजून तिथेच होती.

एस.टी.च्या कंडक्टरने पोत्याला हात लावून विचारलं, "काय आहे यात?"

"माती."

"सुरतेला माती नाही का, बाई?"

"अशी नाही," मी नाक वर करून म्हणाले. त्याने मातीचं लगेजचं तिकीट फाडलं आणि सापुताऱ्यापर्यंत तो माझ्याकडे बघून हसत होता.

पर्वत पाटिया, पहिला दिवस

सुरत मी दहा वर्षांपूर्वी पाहिली होती. नाकाला पदर लावायच्या तयारीनेच उतरले, तर रस्ते झाडलेले! कचरा उचलणारी गाडी चक्क माझ्यासमोर आली नि गेली. मला आमच्या नाशिकची लाज वाटली, हे कबूल करते. सुधा राहते त्या पर्वत पाटियाच्या चौकात मात्र कापडाचे तागे लादलेले टेम्पो, रिक्षा, हातगाड्या यांचा असा काला होता, की पलीकडे जायला मी आणि माझं पोतं पाव तास उभे होतो. रस्त्याच्या कडेला पतंगाचा मांजा रंगवण्याची धांदल चाललेली. खांबांना गुंडाळलेला गुलाबी दोरा लांबच लांब. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि मग पतंग. यांच्याकडे आधी पतंग आणि वेळ उरला तर तिळगूळ.

सुधाच्या सोसायटीची गच्ची चढले. एकशे दहा-बारा सुगडं ओळीने मांडलेली आणि प्रत्येकात एक तुळस मान खाली घालून उभी, शाळेत शिक्षा झालेल्या मुलींसारखी. सव्वाशेपैकी पंधरा तर आधीच गेली होती. त्या गाळाला आंबूस-गोड वास येत होता आणि मुंग्यांची रांग लागली होती.

"बाजूला हो," मी पदर खोचला. निवडून निवडून तीस चांगली रोपं उपटली, सुगडं धुतली, पीट भरली, रोपं लावली आणि झारीने पाणी घातलं.

आणि माझी परदेशी माती पाण्यावर तरंगायला लागली! पीट कोरडी असली की पाणी पीत नाही, ती आधी रात्रभर भिजत घालावी लागते. हे मी नाशिकमध्ये पन्नास जणींना शिकवलं आहे. पण इथे दाखवायची घाई. सुगडांतला तपकिरी भुगा काठावरून वाहायला लागला आणि त्याच्याबरोबर माझी रोपं आडवी. सहा तर देठातच मोडली.

"उंटावरून आलेला शहाणा पाहिला होता, एस.टी.तून आलेला आज पाहिला," प्रकाशराव जिन्यातून म्हणाले. मेहुणे असूनही मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मोठ्या ताई, राग नका मानू. पण त्या गाळात हात घालून बघितला का कोणी?"

या लताबाई. सोसायटीमागच्या चाळीत राहतात. मूळच्या शिरपूरकडच्या. नवरा लूमवर कामाला, आणि त्या घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापतात. फॉल लावलेल्या दोन साड्या सुधाला परत द्यायला म्हणून आल्या होत्या. सुधाशी त्या शुद्ध मराठी बोलतात, पण जिवाचं बोलणं आलं की अहिराणीच.

मी गाळाच्या ढिगात हात खुपसला आणि चटकन बाहेर काढला. आत गरम होतं! नुकता उतरवलेला भातच जणू.

"दखा," लताबाई म्हणाल्या. "हाई मळी अजून कच्ची शे. आतून तपते. मुळं भाजतात हिच्यात." लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला त्या सुरतेजवळच्या चलथाणच्या उसाच्या फडात आलेल्या होत्या. गाळ ताजा घ्यायचा नसतो, तो मुरवायचा असतो, हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक. आणि आमच्या एम.ए. झालेल्या सुधाने वाफाळता गाळ सुगडात भरला होता. फुकट मिळालं ना!

संध्याकाळच्या आत सगळी तुळस गाळातून काढून वाळूत लावली. खाली बांधकामाला आणलेली तापीची वाळू होती. तिच्यात जगणार नाहीत, पण मरणारही नाहीत, असं लताबाई म्हणाल्या. माझी पीट एव्हाना निम्मी वाहून गेलेली, निम्मी संपलेली. चोवीस रोपांपुरती. बाकी ऐंशीवर रोपांना घर नव्हतं आणि हळदीकुंकवाला दहा दिवस. सुधा सुगडांच्या राशीपाशी बसून रडायला लागली. मीही रडले असते, पण मोठी बहीण म्हणून तेवढं जमलं नाही.

रात्रीच्या जेवणाला प्रकाशरावांनी सहज विचारलं, "ताई, तुमची ती पीट तयार व्हायला किती वर्षं लागतात म्हणालात?"

"हजारो."

"आणि तुम्ही वापरता किती दिवसांत?"

मी भाकरीचा तुकडा उगाच जरा जास्त चावला. हंगाम संपला की कुंडीतली जुनी पीट मी फेकून देते. हजारो वर्षं साचलेली ती दलदल कोणीतरी खणून, वाळवून, पोत्यात भरून बोटीने माझ्या गच्चीत पाठवायची, कशासाठी, तर माझ्या पिटुनियांसाठी. दोन वर्षांत हा हिशोब एकदाही डोक्यात आला नव्हता, याचाच राग आला. आणि प्रकाशरावांचाही आला.

चलथाण

दुसऱ्या दिवशी सकाळीच लताबाई, सुधा आणि मी टेम्पोत बसून चलथाणला निघालो. लताबाई म्हणाल्या होत्या, "मुरलेलं खत मी दाखवते. पण कारखान्यात नाही, शेतात."

कडोदऱ्याच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना ऊस, आणि रस्त्यावर ऊस लादलेल्या बैलगाड्यांची रांग. हवेत असा काही गोड वास भरलेला, की मला न्याहारी करूनही भूक लागली. लताबाई फडाकडे बघून एकदम बोलत्या झाल्या. ही आमची खोपटी असायची, इथे पाणी भरायचो, त्या बांधावर माझा पाय कोयत्याने कापला. सांगताना चेहऱ्यावर दुःख नाही, माहेरची वाट दाखवावी तसं कौतुक. मी त्यांचा हात धरून ठेवला.

शेत एका पटेलकाकांचं. लताबाईंनी त्यांच्याकडे चार हंगाम ऊस तोडलेला. त्यांनी लगेच ओळखलं, "अरे, लता!" आणि आधी रस पाजला. असा रस मी जन्मात प्यायले नव्हते, दोन तांबे प्यायले. मग त्यांनी आम्हाला बांधापलीकडे नेलं. शेणाचे थर देऊन मुरवलेला प्रेसमडचा लांबलचक ढीग. मागच्या वर्षीचा.

मी न सांगता कोपरापर्यंत हात घातला. गार! काळंभोर, भुसभुशीत, मुठीत दाबलं की लाडू होतोय आणि बोट लावलं की सुटतोय. नाकाला लावलं तर ना आंबूस, ना गोड. आमच्या जुन्या पेरूखाली खणल्यावर यायचा तसा वास. मी वेड्यासारखी ओरडले, "सुधे, अगं हे बघ! हे बघ तरी!" तिथल्या तिथे मला नाचावंसं वाटत होतं. पंधरा वर्षं कुंड्या भरते आहे, पण असं खत हातात आलं नव्हतं.

"एक चोमासुं जोईए, बेन," पटेलकाका म्हणाले. एक पावसाळा अंगावरून जायला हवा, बस्स. हजारो वर्षं नाहीत, एक पावसाळा! शिवाय ऊस पुढच्या वर्षी पुन्हा येतो आणि गाळही. आमच्या निफाडकडेही साखर कारखाना आहे. तासाभराच्या वाटेवर. आणि मी पीटसाठी समुद्रापलीकडे तोंड करून बसले होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

चार पोती भरली. सुधा तर लगेच जाऊन सुगडं भरायला निघाली होती. पण लताबाई आडव्या आल्या.

"आधी मेथीला विचारू."

पुन्हा पर्वत पाटिया

लताबाईंच्या दारात मी गेले ते त्यांची मेथीची रीत बघायला. चाळीची अरुंद ओटी, आणि तिच्यावर तेलाचे जुने डबे. डब्यांत मिरची, वांगी, कांद्याची पात, एक पपईसुद्धा! पानं अशी टवटवीत, की माझ्या नाशिकच्या गच्चीने मान खाली घालावी. हे सगळं याच खतात. आणि या बाईला आम्ही 'धागे कापणाऱ्या लताबाई' म्हणत होतो.

त्यांनी चार पोत्यांतलं मूठ मूठ खत चार वेगळ्या करवंट्यांत घेतलं, वर मेथीदाणे पेरले आणि पाणी शिंपडलं. कच्चं असेल तर मेथी उगवत नाही किंवा उगवून करपते. मुरलेलं असेल तर तीन दिवसांत हिरवीगार. इतकं सोपं! मी पोत्यावरची छापील अक्षरं वाचून माती पारखणारी बाई, मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पण तीन दिवस! वाळूतल्या तुळशी रोज फिकट होत होत्या आणि सुधा रोज माझ्या मागे, "ताई, लावूया ना गं, खत चांगलंच आहे." मी म्हटलं, "घाई मी करून बसले आहे. आता मेथी सांगेल तसं."

मन रमवायला प्रकाशराव आम्हाला तापीकाठी पोंक खायला घेऊन गेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण आपण हुरडा शेतात, शेकोटीपाशी, चटणी लावून खातो. हे लोक ताटात मांडून वर मिऱ्याची शेव, लिंबू आणि साखरेचे दाणे घालतात. मी आधी नाक मुरडलं आणि मग तीन बशा खाल्ल्या. हे इथे लिहिलं नसतं, पण सुधा सगळीकडे सांगणारच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी लताबाई करवंट्या घेऊन धावत आल्या. तीन करवंट्यांत मेथी दाट उगवलेली, चौथीत एक दाणाही नाही. ते पोतं ढिगाच्या वरच्या, नव्या थरातलं निघालं असावं. सुधाचं ऐकून सगळं मिसळून लावलं असतं, तर? आम्ही चौथं पोतं बांधून दूर ठेवलं आणि तिघी दिवसभर बसून सुगडं भरली. निम्मं खत, निम्मी साधी माती, मूठभर वाळू. लताबाईंचा हात इतका चपळ, की त्यांच्या दहा होईतो माझ्या चार. दुपारी त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि मी आणखी मागितला.

उत्तरायणला, म्हणजे यांच्या पतंगांच्या संक्रांतीला, सगळी सोसायटी गच्चीवर चढणार म्हणून आदल्या दिवशी सुगडं जिन्यात उतरवली. एका पायरीवर एकेक ओळ. दोन दिवस लोक भिंतीला चिकटून, तुळशींना पाय न लावता वर-खाली करत होते. वर पतंग कापल्याचा "काय पो छे!"चा गजर आणि खाली मी पायऱ्या मोजत तुळशी बघत होते. लावल्यापासून चौथ्या दिवशी मधल्या पायरीवरच्या एका तुळशीला दोन नवी पानं दिसली. मी सुधाला हाका मारत सुटले. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळीच हिरव्या व्हायला लागल्या.

माझ्या पीटमधल्या चोवीस? त्या जगल्या, नाही कशाला म्हणू. पण वाढल्या नाहीत. पीटमध्ये खाऊ काहीच नसतो, तो वेगळा द्यावा लागतो. तो मी नाशिकला विसरून आले होते. त्या पिवळट, किडकिडीत राहिल्या आणि मी त्यांना मागच्या रांगेत लपवलं.

हळदीकुंकू

मंडळाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात एकशे एक बायका आल्या की सव्वाशे, देव जाणे. गजरे, काळ्या साड्या, अत्तरदाणी, आणि मधोमध टेबलांवर सुगडं. चुन्याची बोटं ओढलेली, आणि पुढच्या प्रत्येकात तुकतुकीत तुळस. बायका आत येत आणि "अगं बाई!" म्हणून थांबत. सुधाच्या चेहऱ्याकडे मी बघतच राहिले. लग्नातसुद्धा ती इतकी सुंदर दिसली नव्हती.

अध्यक्षीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. सुधाचं कौतुक केलं आणि मग म्हणाल्या, "आणि या तिच्या नाशिकच्या ताई. रोपं जात होती, पण यांनी खास परदेशी माती आणली म्हणून आज हे वाण आपल्याला मिळतंय!"

टाळ्या! माझ्यासाठी! आणि कबूल करते, एक क्षण मला त्या आवडल्या. गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? सुधाही माझ्या पाठीवर हात ठेवून गप्प होती. मोठ्या बहिणीची फजिती सांगणार कशी! पण दाराशी चपलांपाशी लताबाई उभ्या होत्या, सुगडं उतरवायला आलेल्या, आणि त्यासुद्धा टाळ्या वाजवत होत्या. मनापासून. ते मला सहन झालं नाही.

मी उठले. "थांबा," म्हटलं. "माझी परदेशी माती ती मागच्या रांगेत आहे. पिवळी दिसतात ना, ती माझी. पुढची हिरवी आहेत ती चलथाणच्या खतातली, आणि ती या लताबाईंनी वाचवली. मी तर सहा मोडली."

एकच हशा पिकला. त्या हशात मीही हसले. मग मी दाराशी जाऊन लताबाईंना हाताला धरून आत आणलं. "मी काय बोलू व माय!" म्हणत त्या मागे सरत होत्या. पण बायकांनी त्यांना घेरलं. कुठे मिळतं, किती मुरवायचं, मेथी कशी पेरायची. अध्यक्षीणबाईंनी स्वतः पुढे होऊन त्यांना हळदीकुंकू लावलं आणि टेबलाकडे हात केला, "घ्या, तुम्हाला आवडेल ती तुळस घ्या."

पुढची सगळी हिरवी सोडून लताबाई मागच्या रांगेपाशी गेल्या. सगळ्यांत किडकिडीत, पिवळी तुळस उचलली. माझ्या पीटमधली.

"अहो, ती नको, चांगली घ्या ना," मी कळवळून म्हणाले.

"माले हाईच द्या," त्या म्हणाल्या. "त्या बाकीच्या कोणाकडेही जगतील, ताई. हिला आमच्याकडेच यायला लागेल."

आणि सुगड पदराआड धरून, वाऱ्यापासून जपत, त्या जिना उतरल्या.